बिस्किटांतून अंकगणित

१ जानेवारी १९५८, बुधवार. पहाटे पाच.
(घड्याळात पावणेआठ झालेत. घड्याळ पुढे असावे.)

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. माझ्या बायकोला, हौसाला, वाचता येते. पण ती म्हणते तिला एवढी फुरसत नाही. उत्तम.

पुढे कुणाला माझे चरित्र लिहावेच लागले तर अडचण नको, म्हणून मुख्य माहिती. मी पंजाबराव, मूळचा रिसोडचा, वय एकोणतीस. जऊळका स्टेशनपासून अडीच मैलांवर हे गाव. इथे जनपद सभेची चौथीपर्यंतची शाळा. हेडमास्तर मी, असिस्टंट मास्तर मी, घंटाही मीच देतो. मुले एकतीस, काही गावातली, काही शेजारच्या तांड्यावरची. मारोतीच्या देवळाला लागून एक खोली, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब.

मंगरूळपीरला नवीन मॉडेल शाळा निघत आहे. तिच्या हेडमास्तरकीसाठी दोनच नावे: मी आणि पलीकडच्या गावचा रामकिसन मास्तर. इन्स्पेक्टर साहेब त्याची शाळा बघून गेले. माझी १ फेब्रुवारीला बघणार. रामकिसनची मुले टकळीवर सूत काततात. अख्खा देश सूत कातून राहिला आहे, त्यात नवीन ते काय?

माझ्याकडे पुस्तिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला ट्रेनिंग झाले, त्यात वाटल्या. बाकीच्या मास्तरांनी पुड्या बांधायला नेल्या, मी वाचली. थंड देशातल्या एका बाईंनी इंग्रजीत लिहिले आहे की लहान मुलांकडून बिस्किटे करून घ्यावीत. मोजताना गणित, भाजताना सायन्स, हात धुताना आरोग्य, वाटून खाताना नागरिकशास्त्र. चित्रात सहा मुले आणि एक भट्टी आहे. सगळे हसत आहेत.

संकल्प: १ फेब्रुवारीला साहेबांच्या हातात माझ्या मुलांनी भाजलेले बिस्कीट. जोडीला, मुलांवर हात उचलायचा नाही आणि सुपारी बंद.

दुपारी दोन. सुपारी खाल्ली. बंदी उद्यापासून. समतारखेला सुरू केलेला संकल्प जास्त टिकतो असे माझे निरीक्षण आहे.

३ जानेवारी, शुक्रवार.

वर्गात विषयप्रवेश. विचारले, बिस्कीट कुणी खाल्ले आहे? कुणीच नाही. पाहिले आहे? तेही नाही. आनंद झाला. कोरी पाटी.

फळ्यावर बिस्कीट काढले. गोल, त्यावर टिंबे. तांड्यावरचा देवला म्हणाला, "गुर्जी, हे त चाळणी हाय." तिसरीतली गोमती हुशार आहे. तिने विचारले, "याच्यासंग भाजी कोनती?" सांगितले, भाजी नसते. ती हळूच म्हणाली, "दुखनाईताचं हाय काय मंग?"

मुलांची जिज्ञासा जागी झाली, हे यातून सिद्ध होते. सर्वांना शब्द दिला: या महिन्यात प्रत्येकाला खरे बिस्कीट खाऊ घालीन.

५ जानेवारी, रविवार.

दिवसभर भाषांतर. बाईंनी दोन कप मैदा, एक कप साखर, एक कप लोणी, दोन अंडी, बेकिंग पावडर आणि व्हॅनिला सांगितले आहे. भट्टी साडेतीनशे डिग्री.

कप कोणता, हे बाईंनी लिहिलेले नाही. आमच्या घरी तीन कप, तिन्ही वेगळे. हौसाला विचारले, यातला शास्त्रीय कप कोणता? ती म्हणाली, "ज्याचा कान शाबूत हाय थो." सरासरी काढून मधला घेतला.

अंडी. गावचे गुलाबराव पाटील शाळा कमिटीचे अध्यक्ष आहेत आणि माळकरी आहेत. मारोतीला लागून अंडे फोडले तर ते मला फोडतील. अंड्याऐवजी केळे. दोन्ही आतून मऊ असतात.

बेकिंग पावडर म्हणजे काय याचा विचार केला. पांढरी पूड, पीठ फुगवते. घरात पापडखार होता. पांढरा आहे आणि पापडही फुगतो. व्हॅनिला हा वेलदोडाच असावा, नावाची सुरुवात सारखी आहे.

मंगरूळपीरला दर्ग्याजवळ एक भट्टीवाला आहे. आपले पीठ, तूप, साखर नेऊन दिले की तो नानखटाई भाजून देतो. हौसा म्हणाली, "त्याच्याजवळच द्या ना सामान, कायले घोर लावून घेता?" तिला शिक्षणशास्त्र समजावून सांगितले. ती मधेच गाईकडे गेली.

८ जानेवारी, बुधवार.

साडेतीनशे डिग्री मोजायची कशी? जऊळक्याहून देवी टोचणारे डॉक्टर आले होते. त्यांच्याकडून तापाचे थर्मामीटर उसने घेतले. त्यावर एकशेदहापर्यंतच आकडे आहेत, पण प्लॅन सोपा होता. एकशेदहाला किती वेळात पोचते ते बघायचे आणि त्रैराशिकाने पुढचे काढायचे.

निखाऱ्याजवळ धरले. पोचले. मग फुटले.

मुलांना सायन्सचा उत्तम धडा मिळाला: उष्णतेने पारा प्रसरण पावतो व नंतर सापडत नाही. डॉक्टरांना कळवले की थर्मामीटर शैक्षणिक कामी आले. त्यांनी उलट निरोपात जे कळवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

भट्टीची कल्पना मात्र सुचली. अंगणात खड्डा, खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, विस्तवावर घासलेटचा रिकामा डबा आडवा. डब्यात बिस्किटे. थंड देशातल्या बाईंनाही सुचले नसते.

११ जानेवारी, शनिवार. सकाळची शाळा. संध्याकाळी सहाला लिहीत आहे.

पहिला प्रयोग. अपेक्षेबाहेर यश!

सकाळी आठला मुलांचे हात धुतले. कणीक भिजवली (मैदा गावात मिळत नाही, पण गहू तोच). मुलांनी एकतीस गोळे केले. नऊला कडुलिंबाखाली गोवऱ्या पेटवल्या. धूर चांगलाच झाला, पार शिवारापर्यंत गेला.

आणि मग जे घडले त्याने मी थक्क झालो. लोक येऊ लागले. न बोलावता! गुलाबराव पाटील आले, मळ्यातली माणसे मोट सोडून आली, म्हाताऱ्या आल्या. साठ-सत्तर माणूस. प्रत्येकाच्या हातात स्वतःचे ताट आणि पाण्याचा तांब्या.

मी रिसोडचा, मला रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून वरणाशी खायचे कणकेचे गोळे, माहीत नाहीत असे नाही. मारोतीपुढे शनिवारी कुणी गोवऱ्या पेटवल्या म्हणजे त्याचा नवस फिटला, रोडग्यांची पंगत आहे, ज्याला धूर दिसला त्याने ताट घेऊन यावे, बोलावणे लागत नाही आणि कुणाला परत पाठवता येत नाही, ही आपल्याकडची रीत. पण हे लोक त्यासाठी आलेले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. ते शिक्षण बघायला आले होते. ताटे स्वच्छतेच्या सवयीमुळे आणली असणार.

रांगेत बसले. ती संधी साधून मी 'कृतीतून शिक्षण' यावर पाऊण तास बोललो. कुणी उठले नाही. सगळ्यांची नजर खड्ड्यावर. असे श्रोते अकोल्याच्या लेक्चरलाही नव्हते.

बिस्किटे एकतीसपैकी बावीस निघाली. नऊ डब्याला इतकी चिकटली की डबा त्यांचाच म्हणायचा. तुकडे करून वाटली. गुलाबराव पाटलांनी तुकडा चावला, थांबले, उरलेला खिशात ठेवला. घरी दाखवणार असतील. एका आजोबांनी विचारले, "वरन मांगून येऊन राह्यलं काय?" कुणीतरी म्हणाले, "गुर्जी, नवस कायचा होता?" साध्या माणसाला कुठलेही ध्येय नवसासारखेच वाटते. मी हसून म्हणालो, फेब्रुवारीत कळेल.

मुलांपैकी कुणी बिस्कीट गिळले नाही. चव ओळखीची नसल्यामुळे. पापडखार किंचित जास्त.

१२ जानेवारी, रविवार.

गावच्या बायका सकाळी घरी आल्या. हौसाला कुंकू लावले, गव्हाने तिची ओटी भरली, जड हंडा उचलू नको म्हणाल्या. शिक्षकाच्या पत्नीचा असा मान आमच्या खेड्यांत अजून आहे!

बायका गेल्यावर हौसा आत आली. तिचा आवाज वेगळा होता. "तुमी गावाले काय सांगतलं? फेब्रुवारीत काय होनार हाय माह्या घरी?" मी म्हणालो, प्रमोशन. ती म्हणाली, "बाया म्हन्तेत मारोतीनं तुमाले पोरगं देल्लं अन् तुमी त्याले जळके गोळे देल्ले."

त्यानंतर बोलणे बंद. भाकरी ताटात येते, पण वरून.

१५ जानेवारी, बुधवार.

काल संक्रांत. तीळगूळ दिला. हौसाने घेतला, गोड मात्र बोलली नाही. पण तिने बायकांमध्ये जाऊन खरे काय ते सांगितले: पोर नाही की बीर नाही, मास्तरले मंगरूळपीरले जाचं हाय, मोठा हेडमास्तर व्हाचं हाय, म्हून हे चालून राह्यलं.

गावाने बातमी फारच गंभीरपणे घेतली. आज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गुलाबराव पाटील आणि पाचसहा जण खाली माना घालून बसले होते. मी जवळ गेलो की गप्प होत होते. माझ्या प्रमोशनसाठी काही खटपट करता येईल का, याचाच विचार असणार. भरून आले.

आत्ताच गोजराबाई येऊन गेली. शाळेत पाणी भरते, साठी उलटलेली, नवऱ्यामागे चार लेकरे एकटीने वाढवलेली. गावात कुणाचाही रोडग्यांचा कार्यक्रम असला की विस्तव तिच्याच हाताचा. म्हणाली, "मास्तर, मारोतीपुढं इस्तो पेटवला अन् लोकं उपाशी गेले. असं अर्दवट सोडत नसतेत. येत्या शनिवारी मी पाह्यतो." वर्‍हाडात बाईमाणूसही कधीकधी पुरुषासारखे बोलते, गोजराबाई तर नेहमीच.

परवानगी दिली. अट घातली: ती फक्त विस्तव पाहील. शैक्षणिक बाजू माझी.

१८ जानेवारी, शनिवार.

दुसरा प्रयोग. बहुतांशी यशस्वी.

मी फळ्यावर गोवऱ्यांची उदाहरणे लिहीत होतो. मागे वळून पाहतो तर वर्गात एकही मूल नाही. सगळी गोजराबाईभोवती. ती गोवऱ्यांचा थर लावून राहिली होती. "एका थराले बारा, असे पाच थर. किती झाल्या रे?" देवला ओरडला, साठ. "अन् भिजलेल्या सात काढून फेक. आता?" त्रेपन्न. हा देवला, ज्याला बाराचा पाढा शिकवताना माझी दोन वर्षे गेली!

हे माझ्या फळ्यावरच्या उदाहरणांचे फळ. मुले बघत नसली तरी फळा परिणाम करतो.

बिस्किटांबाबत: डब्याचे कथलाचे सांधे वितळून तळ सुटला व बिस्किटे थेट विस्तवात गेली. डबा निकृष्ट. गोजराबाई म्हणाली चांगले निखारे वाया कायले घालवाचे, आणि तिने घरून आणलेल्या कणकेचे गोळे त्यात पुरले. अर्ध्या तासाने काढले, राख झटकली, फडक्यात घोळले, तुपात बुडवले. मुलांनी ते खाल्ले. मीही शैक्षणिक दृष्टीने चार खाल्ले.

देवला म्हणाला, "गुर्जी, बिस्कूट असंच लागते काय?" नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला.

२२ जानेवारी, बुधवार.

रामकिसन बाजारात भेटला. त्याच्या मुलांचे सूत वाशीमच्या प्रदर्शनात लागले म्हणे. मी अभिनंदन केले व मनात म्हणालो, सूत खाता येत नाही.

इन्स्पेक्शनची तालीम. मुलांनी एका सुरात म्हणायचे: "बिस्कीट म्हणजे कृतीतून शिक्षण." चांगले म्हणतात. गोमती मात्र दर वेळी हात वर करते: "पन गुर्जी, आमाले देनार होते नं तुमी?" तिला शिक्षा केली नाही. संकल्प पाळला. फक्त बाहेर उभे केले.

सुपारी: आठवड्यातून एक दिवस बंद, असा सुधारित संकल्प. दिवस अजून ठरला नाही.

२६ जानेवारी, रविवार. प्रजासत्ताक दिन.

झेंडावंदन. माझे भाषण (एक तास). शेवटी गुलाबराव पाटील उभे राहिले आणि गावाला म्हणाले, "शनवारी मारोतीपुढं गावाचे रोडगे हायेत. इन्स्पेक्टर येऊन राह्यला. घरोघरून पायलीभर गहू, ज्याच्या मळ्यात वांगे असतीन त्यानं वांगे. कोनी मांगं राहू नका. यंदा मांगनं मोठं हाय."

माझ्या एका प्रमोशनसाठी सगळे गाव कंबर कसून उभे! मी नम्रपणे मान खाली घातली. टाळ्या पडल्या नाहीत, पण भावना दिसली. हौसा बायकांत बसून माझ्याकडे बघत होती. का कोण जाणे, तिला हसू येत होते.

रोडगे असू द्या. साहेबांसमोर मुख्य कार्यक्रम बिस्किटाचा. रोडगे बाजूला.

३१ जानेवारी, शुक्रवार.

सर्व तयारी पूर्ण. नवा डबा. पापडखार अर्धा. केळी बदलून तूप. मुलांची नखे तपासली. प्रत्येक बिस्किटावर काडीने एक अक्षर, साहेबांसमोर ओळीने मांडले की 'सुस्वागतम्'. मंगरूळपीरला बिऱ्हाड कुठे करावे याचा विचार चालू आहे. बसस्टँडजवळ आवाज फार होईल.

उद्या या वेळी मी कोण असेन!

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी चार. पोट जड.

साहेब सकाळच्या गाडीने जऊळक्याला उतरले, तिथून पाटलांच्या बैलगाडीने आले. अंगणात दीडशे माणूस. दोन खड्डे. एक माझा, डब्याचा. दुसरा गोजराबाईचा, आठ हात लांब. वांग्याची भाजी मोठ्या गंजात शिजत होती. साहेबांनी गाडीतूनच वास घेतला व चष्मा पुसला.

मी स्वागतपर बोललो. साहेबांचे लक्ष गोजराबाईच्या खड्ड्याकडे. तिथे मुले मोजून गोळे पुरत होती. साहेबांनी गोमतीला विचारले, "दीडशे माणसे, प्रत्येकी तीन रोडगे. किती लागतील?"

गोमतीने क्षणभरही घेतला नाही. "साडेचारशे. पन पोट्टे दोनच खातेत, म्हून चारशे पुरतीन. अन् तुमी आले म्हून धा जास्ती टाकले."

साहेब हसले. देवलाला विचारले, "एका रोडग्याचे चार तुकडे केले, तीन खाल्ले. काय राहिले?" देवला म्हणाला, "पाव रोडगा. अन् भूक."

साहेबांनी वहीत काही लिहिले. विचारले, हे कुणी शिकवले? एकतीस मुले एका सुरात म्हणाली, "गोजराआजीनं." मी आठवडाभर तालीम केलेले वाक्य ते नव्हे. पण सूर अगदी एक होता, तो माझा.

नंतर बिस्किटे. अक्षरांपैकी 'सु' फुगून दिसेनासा झाला, 'म्' राखेत गेला. उरलेले ओळीने मांडले. साहेबांनी 'स्वा' उचलला. चावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. असा भावनिक क्षण माझ्या नोकरीत पहिलाच. त्यांनी पाणी मागितले, दोन तांबे प्यायले. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला. वरिष्ठांना दाखवणार!

मग पंगत. साहेबांनी सहा रोडगे खाल्ले, वरण तीनदा घेतले. जेवणाआधी गुलाबराव पाटलांनी मारोतीपुढे नारळ फोडला आणि गावाच्या वतीने काहीतरी पुटपुटले. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

जाताना साहेब म्हणाले, "पाहू." साहेब लोक नाही म्हणायचे असेल तर सरळ नाही म्हणतात. पाहू म्हणजे झालेच.

८ फेब्रुवारी, शनिवार.

साहेबांचा शेरा टपालाने आला. जसाच्या तसा उतरवतो.

"मुलांचे तोंडी अंकगणित पाहिलेल्या सर्व शाळांत उत्तम. अपूर्णांकांची समज विशेष. याचे श्रेय शाळेत पाणी भरणाऱ्या गोजराबाई यांस द्यावे लागेल. रोडग्यांचा उपक्रम त्यांच्या मार्गदर्शनाखाली महिन्यातून एकदा चालू ठेवावा. शिक्षकाने गोवऱ्यांची व्यवस्था पाहावी. शिक्षक उत्साही आहेत. बिस्किटाचा नमुना सोबत परत पाठवीत आहे."

लिफाफ्यात 'स्वा' होता. शाबूत.

मंगरूळपीरला रामकिसन.

वाटले होते त्याहून जास्त लागले. दुपारी शाळा सोडली नाही, तशीच बसवून ठेवली, कारण घंटा द्यायला उठवत नव्हते. शेवटी गोमतीने दिली.

९ फेब्रुवारी, रविवार.

गावाला कळले. मी सांत्वनाची तयारी ठेवून ओट्यावर गेलो. तिथे आनंदीआनंद. गुलाबराव पाटील पान लावून राहिले होते. म्हणाले, "पाहा गुर्जी, मारोती आयकते." मी म्हणालो, पाटील, मारोतीने ऐकले असते तर मी मंगरूळपीरला असतो. ते इकडेतिकडे बघू लागले.

शेवटी गोजराबाईच बोलली. तिला आडपडदा माहीत नाही. "मास्तर, तुमी मांगतलं जाचं. आमी मांगतलं राहाचं. गहू आमचे, वांगे आमचे, गोवऱ्या आमच्या. थो कोनाचं आयकीन?"

म्हणजे १ तारखेला मी हात जोडले ते स्वतःच्याच विरुद्ध. घरी येऊन हौसाला विचारले, तुला ठाऊक होते? ती म्हणाली, "मीबी पायलीभर गहू देल्ले. मले या गावात करमते."

राग आला. फार राग आला. मग थोड्या वेळाने, खरे लिहायचे तर, बरेही वाटले. याआधी मी कुठून गेलो असतो तर कुणी पायलीभर गहू खर्च केला नसता. पण राग कायम आहे, हे नोंदवून ठेवतो.

१० फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी जऊळका स्टेशनवर गेलो होतो. रामकिसन मंगरूळपीरला रुजू व्हायला निघाला होता, त्याला हार घालायचा होता. घातला. टकळी घेऊन चालला होता.

परतताना स्टेशनवरच्या चहावाल्याकडे काचेच्या बरणीत बिस्किटे दिसली. कारखान्याची, गोल, टिंबांची. सोळाच होती, सगळी घेतली. मुलांना शब्द दिला होता. हेडमास्तरकी गेली तरी शब्द गेलेला नाही.

शाळेत येऊन नेहमीच्या ताटात काढून ठेवली. एकतीस मुले, सोळा बिस्किटे. मी फळ्याकडे वळेपर्यंत गोमतीने प्रत्येकाचे दोन तुकडे करून वाटूनही टाकले. एक अर्धे उरले, ते माझ्यापुढे आणून ठेवले.

मुले हळूहळू चावू लागली. मी वाट बघत होतो. महिन्याभराचे कष्ट, थर्मामीटर, दोन डबे, आणि शेवटी हे खरे बिस्कीट त्यांच्या तोंडात.

देवलाने सगळे खाल्ले, बोटे चाटली आणि माझ्याकडे बघितले. माझा चेहरा बरा नसावा. तो उठून जवळ आला आणि आजाऱ्याशी बोलावे तसे हळू आवाजात म्हणाला, "गुर्जी, जमून राह्यलं तुमाले. पयल्यापरीस लय बरे झाले हे. अजूक थोडंसं भाजत जा."

सगळ्या वर्गाने माना हलवल्या. पुढच्या वेळी अजून थोडे भाजीन, एवढेच म्हणालो.